तेरा भागांची गोष्ट तू अकरातच संपवलीस

गुरुवार, ६ तारीख

ताई,

नमस्कार-बिमस्कार काही लिहीत नाही, कारण रागात आहे. पत्र शाळेच्या पत्त्यावर टाकतेय. तू राहतेस कुठे ते मला माहीत नाही, पण शाळेच्या ऑफिसातल्या त्या खुर्चीवरून तुला कोणी उठवलं नसेल असं धरून चालते.

आधी मुद्द्याचं. ते जपानी कार्टून, बूट दुरुस्तीच्या दुकानातल्या मुलीचं. कार्टून नाही, ॲनिमे म्हणायचं, असं तू मला शंभरदा सांगितलंस. बरं, ॲनिमे. त्याचे भाग किती आहेत गं?

तेरा आहेत. अकरा नाहीत, तेरा!

गेल्या रविवारी दुपारी मी अकरावा परत लावला होता. ते अकाउंट अजून तुझंच चालू आहे, तू बंद केलं नाहीस आणि मी विचारलं नाही. अकरावा संपला, आणि फोनने आपणहून बारावा लावला. मला वाटलं, ही दुसरीच कुठली तरी गोष्ट. बघते तर तीच मुलगी, तेच दुकान, भिंतीवर तेच पायांचे लाकडी साचे.

अकराव्याच्या शेवटी तिची आई दुकानाच्या दारात उभी राहून हात हलवते. तू फोन खाली ठेवलास आणि म्हणालीस, "संपलं. छान संपवलंय ना?" आपली आई पलंगावर टेकून बसली होती, तीसुद्धा म्हणाली, "हे कसलं संपणं? पोरांचं लग्न तरी लावा." तर तू तिला सांगितलंस, "त्यांच्याकडे असंच अर्धवट ठेवतात, आई, फॅशन आहे." आम्ही दोघींनी ऐकून घेतलं. तू सांगायचीस आणि आम्ही ऐकायचो, तसंच चालायचं ना घरात.

आणखी सांगते. आता मी चित्राखालच्या मराठी पट्ट्या माझ्या मी वाचते. लिहायला मला पहिल्यापासून जमतं, छापील अक्षरंच डोळ्यांपुढे नाचतात, तुला माहीतच आहे. एक ओळ आली की थांबवते, बोट ठेवते, वाचते, मग पुढे सोडते. वीस मिनिटांच्या भागाला दीड तास जातो. पण वाचते. आणि आता कळतंय की तू आम्हाला जे वाचून दाखवायचीस ते तिथे लिहिलेलंच नाही. चौथ्या भागात तो मुलगा तिसऱ्यांदा तोच बूट घेऊन येतो. तू वाचलं होतंस, "तुझ्या हातचा टाका माझा पाय ओळखतो." मी त्या ओळीवर किती दिवस जगले! धागे कापताना मनात म्हणायचे. तिथे लिहिलंय, "पुन्हा तुटला. तीच टाच."

एवढंच लिहिलंय, ताई.

दोन वर्षांत तुझा एक फोन नाही. मीही केला नाही, हे खरं. पण तू मोठी आहेस.

तुला भाची झालीय. दहा महिन्यांची आहे. ढबी म्हणतो आम्ही. सध्या जरा बरं नसतं तिला. बाकी मजेत.

धाकटी


रविवार, ९ तारीख

ताई,

उत्तराची वाट बघत नाहीये, म्हणून दुसरं लिहायला घेतलं. ढबी झोपलीय आणि मला कोणाशी तरी या मालिकेबद्दल बोलायचंय. शिवणखात्यात बोलायची सोय नाही. तिथे कात्रीबाई आहे, आमची सुपरवायझर, गळ्यात दोरीने कात्री अडकवून फिरते. मी तिला गोष्ट सांगायला लागले तर म्हणाली, "त्या मुलाने मुद्दाम टाच तोडली? माझ्याकडे कामाला असता तर पहिल्या दिवशी घरी पाठवला असता." मग पुढे काय सांगायचं?

तर ऐक. आधी शिव्या.

त्यात कोणी वाक्य पुरं करत नाही. "मला तुला सांगायचंय की..." आणि गाडी येते. "खरं तर त्या दिवशी मी..." आणि वारा सुटतो. अगं, वारा थांबल्यावर सांग ना! सातव्या भागात ती त्याच्यासाठी पुलावर उभी, तो तिच्यासाठी पुलाखाली उभा, वीस मिनिटं. मी फोनला म्हटलं, खाली बघ बये. ढबी दचकून जागी झाली.

डोळे बशीएवढे. त्यात पाणी कायम काठोकाठ. नाक मात्र दिसत नाही, मग शिंकतात कुठून?

ती दुसरी मुलगी, चष्मेवाली, पाव भाजणारी. तिलाही तो मुलगा आवडतो. तिला भाग तीनमध्ये आणली, भाग आठमध्ये रडवली आणि नंतर दुकानासकट गायब. तिचं काय झालं ते सांगायला नको? ती काय खुर्ची आहे, हवी तेव्हा ओढायची आणि हवी तेव्हा भिंतीला लावायची?

नववा भाग नुसता तलावावर पोहायला गेल्याचा. त्यात काही म्हणजे काही घडत नाही. आपली आई तेव्हा म्हणाली होती, "या पोरांना घरदार आहे की नाही? पाणी कोण भरतं यांच्याकडे?" आठवतं? तू हसून हसून फोन पाडलास, म्हणून काचेला तडा आहे. तो अजून आहे. सगळी माणसं त्या तड्याच्या पलीकडे जाऊन येतात.

आता चांगलं सांगते, नाहीतर म्हणशील हिला फक्त भांडता येतं.

हात. त्या चित्रवाल्यांनी हात इतके खरे काढलेत की मी थांबवून बघते. ती दोऱ्याला मेण लावते, टोक दातात धरते, टाका घालून करंगळीला गुंडाळून ओढते. करंगळीवर वळ आहे. माझ्याही बोटाला तसाच आहे, काजं करून करून. जपानमध्ये बसलेल्या कोणाला तरी हे माहीत आहे, याचं मला फार बरं वाटलं.

आणि तो मुलगा कमी बोलतो ते मला आता पटतंय. तुझी ओळ गोड होती. पण "पुन्हा तुटला, तीच टाच" म्हणताना तो तिच्याकडे बघत नाही, बुटाकडे बघतो आणि त्याचे कान लाल होतात. तू मोठ्याने वाचायचीस म्हणून मी तुझ्याकडे बघायचे. कान बघायचे राहूनच गेले.

जाऊ दे. गेल्या पत्रात लिहिलं, ढबीला बरं नसतं. ते नीट लिहिलं नाही. तिला झटका आला. कामावर, बाळांच्या खोलीत. ताप होता, मी औषध देऊन नेलं होतं, सुट्टी मिळत नव्हती. सांभाळणारी ओरडली म्हणून धावले. डोळे वर गेलेले, हात आखडलेले, ओठ निळे. मी तिला हातात घेऊन नुसती उभी राहिले. काय करायचं ते माहीत नव्हतं. कात्रीबाईने तिला माझ्या हातातून काढून कुशीवर निजवलं आणि घड्याळ बघत बसली. दोन मिनिटं. तेवढ्यात माझं काय झालं ते मला लिहिता येत नाही.

संध्याकाळी परत आला. एका दिवसात दोन.

आता ताप नाही. खेळते. फोन चावते. मी तिच्याकडे बघत असते. बघून बघून वेड लागायची पाळी आलीय.

धाकटी


गुरुवार, १३ तारीख

ताई,

काल दवाखान्यात गेले होते. डॉक्टर म्हणाले, तापामुळे असतं बहुतेक मुलांना, मोठी झाली की जातं. पण एका दिवसात दोनदा आला म्हणून डोक्याचा फोटो काढायचा. बाळ हलतं, म्हणून झोपेचं औषध देऊन काढायचा. सोमवारी, २४ तारखेला, सकाळी नऊ वाजता.

मग नर्सने कागद दिला. तीन पानं, बारीक अक्षर. म्हणाली, "नीट वाचून सही करा आणि त्या दिवशी घेऊन या. बाबा कुठे आहेत?"

मी म्हटलं, "बोटीवर. चार महिन्यांनी येतील."

"घरात वाचणारं कोणी आहे?"

मी म्हटलं, "आहे. माझी मोठी बहीण."

तोंडातून निघून गेलं, ताई. आणि मग रस्ताभर स्वतःवर चिडत आले. कारण दवाखान्याचा कागद तू मला कसा वाचून दाखवतेस ते मला माहीत आहे.

हे मी कधी लिहिणार नव्हते. आता लिहिते.

आईचा रिपोर्ट तू वाचलास. दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून वाचलास. "औषध बदललंय, आठवडाभरात घरी सोडतील." मी म्हटलं, मग मी उद्या कामावर जाऊ? शर्टांची मोठी ऑर्डर अडकलीय. तू म्हणालीस, "जा, मी आहे ना." मी गेले. अकरा वाजता आई गेली. मी तेव्हा काजं करत होते. चौदाव्या शर्टाचं चौथं काज.

नंतर तो कागद मी कात्रीबाईकडून वाचून घेतला. त्यात लिहिलं होतं, फार दिवस नाहीत, जवळच्यांना बोलावून घ्या. तेच लिहिलं होतं, ताई. जवळच्यांना. मी जिन्यात तुझ्या शेजारीच उभी होते!

मग सगळ्यांसमोर मी तुला जे बोलले ते बोलले. परत तोंड दाखवू नकोस म्हटलं. तू दाखवलं नाहीस. एवढं तरी सांगितलेलं ऐकलंस.

आणि आता बारावा भाग. त्यात तिची आई जाते. तू सांगितलं नाहीस. तुला माहीत होतं, तू एकटीने आधीच बघून ठेवला होतास, म्हणून अकराव्यालाच फोन खाली ठेवलास. आई शेजारी होती म्हणून, ते कळतं मला. पण नंतर? नंतर तर सांगायचंस.

बारावा सगळ्यात चांगला आहे, तेरांमध्ये. गाणं नाही, वारा नाही, कोणी रडत नाही. मुलगी दुकान उघडते. आईचे बूट फळीवर आहेत, एकाला नवा तळ लावून झालाय, दुसऱ्याचा राहिलाय. ती बसते आणि दुसरा पुरा करते. बस. मेण, दोरा, टाका, करंगळी. आई नाही आता, तरी पुरा करते. मी आईसाठी दोन वर्षांत जेवढी रडले नव्हते तेवढी त्या बुटासाठी रडले. ढबी माझ्या तोंडात बोट घालून बघत होती की आवाज कुठून येतोय.

आणि हाच भाग तू माझ्यापासून लपवून ठेवलास.

तेरावा अगदीच घाईत उरकलाय. एकदम पाच वर्षं उडवली. तो मुलगा मोठ्या शहरातून स्टेशनवर उतरतो, फोन करतो, "दार उघडं ठेव, निघालोय." आणि ही बाई खरंच दार सताड उघडं टाकून थंडीत उभी! पाच वर्षं एक पत्र नाही, आणि याच्यासाठी दार उघडं? मी असते तर कडी लावून आतून विचारलं असतं, कोण?

पण ये तू.

सोमवारी २४ ला. आठ वाजता घरी ये, तिथून दवाखाना जवळ आहे. पत्ता खाली लिहिलाय. कागद वाचायला ये. पण जे लिहिलंय तेच वाचायचं. एक शब्द गोड करायचा नाही. वाईट असेल तर वाईट वाच. नाहीतर येऊ नकोस.

धाकटी


मंगळवार, १८ तारीख

ताई,

काही नाही. ना पत्र, ना निरोप. पोस्टमन रोज येतो आणि वरच्या मजल्यावर जातो. त्याने काल मलाच विचारलं, "तुमचं काही यायचंय का?" म्हणजे मी दारात किती उभी राहत असेन बघ.

ठीक आहे. कागद माझा मी वाचायला घेतला. एक पान दोन दिवसांत झालं. बोट ठेवून, मालिकेच्या पट्ट्यांसारखं. फरक एवढाच की इथे चित्र नाही, म्हणून अर्थ अंदाजाने लागत नाही. "भूल" वाचता आलं. "दुर्मिळ" वाचता आलं, पण दुर्मिळ म्हणजे चांगलं की वाईट ते कळेना. कात्रीबाईला विचारलं. ती म्हणाली, "दुर्मिळ म्हणजे सहसा होत नाही. काय होत नाही ते बघ पुढे." पुढे बघितलं. त्या ओळीत "श्वास" शब्द आहे. तिथे मी बोट उचललं आणि कागद डब्याखाली ठेवून दिला.

तिला वाचायला दिला असता. ती "दे इकडे" म्हणालीसुद्धा. मी नाही दिला. का, ते विचारू नकोस.

काल ढबीच्या बाबाचा फोन आला, बोट बंदराला लागली होती. म्हणाला, "पोरगी काय म्हणते?" मी म्हटलं, "मजेत. दात येतायत." झटका सांगितला नाही, सोमवारचं सांगितलं नाही. चार महिने तो पाण्यावर, ऐकून करणार काय? उगाच झुरत बसेल. फोन ठेवला आणि एकदम आठवलं, तू जिन्यात कशी उभी होतीस. तुझा आवाज अगदी मजेतला होता. कागद मात्र दोन्ही हातांनी धरला होतास, ते मला आज आठवलं.

तरी मी तुला माफ केलेलं नाही. त्यासाठी पत्र लिहीत नाहीये.

धाकटी


शनिवार, २२ तारीख

ताई,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. टाकलं तरी तुझ्या आधी पोचणार नाही.

परवा दुपारी फोन घेतला, ढबीला चित्रं दाखवायला. मालिकेवरची ती लाल रेघ असते ना, कुठपर्यंत बघितलं ते दाखवणारी. तुझी रेघ दोन वर्षं अकराव्याच्या शेवटाला होती. मी बारावा-तेरावा बघितला की परत मागे नेऊन तिथेच ठेवायचे. तुझी जागा मोडायला नको म्हणून. कोणाचं पुस्तक घेतलं तर दुमडलेलं पान तसंच ठेवतात ना, तसं.

परवा ती रेघ तेराव्यावर होती.

मला वाटलं, ढबीने चावताना दाबलं असेल. परत अकराव्याला नेऊन ठेवली. काल सकाळी बघते तर पुन्हा तेराव्यावर. तिथेच, त्याच जागी. फोन रात्रभर कपाटाच्या वर होता, ढबीचा हात तिथे पोचत नाही. आणि अकाउंट तुझं, तू तुझ्या फोनवर लावलंस तरी रेघ इथे सरकते. मग मी तिथूनच लावला. स्टेशन. तो मुलगा फोन कानाला लावून उभा. खाली पट्टी आली.

"दार उघडं ठेव, निघालोय."

मी थांबवलं. बोट ठेवून तीनदा वाचलं. तुझं वाचून दाखवलेलं नाही, तिथे लिहिलेलं.

आणि मग मला असा राग आला, ताई, की ढबीला खाली ठेवावं लागलं. ही काय सांगायची पद्धत? पुलावर आणि पुलाखाली उभं राहायचं का आपणही? सरळ फोन करता येत नाही? दोन वर्षं शाळेच्या ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांना फोन लावतेस, बहिणीला एक लावता येत नाही?

हेच सगळं आज अर्ध्या दिवसाच्या सुट्टीला निघताना कात्रीबाईला ऐकवलं. ती म्हणाली, "दाखव तो फोन." तुझा नंबर काढला, चष्मा कपाळावर चढवला, माझ्याकडे बघितलं. "अगं शहाणे, हा नंबर तूच बंद करून ठेवलायस. ती बिचारी हजारदा फोन करेल, तुझ्याकडे वाजणारच नाही."

मला आधी खरंच वाटेना. मग आठवलं. आई गेली त्या आठवड्यात मी नवऱ्याला म्हटलं होतं, हिचं नाव मला फोनवर दिसायला नको. त्याने काहीतरी दाबलं होतं. मला वाटलं नाव पुसलं असेल. नाव तर तसंच होतं यादीत, म्हणून मी समजले तूच करत नाहीस. दोन वर्षं मी मनातल्या मनात तुझ्याशी त्यावरून भांडतेय, "मोठी आहेस, तू करायचास ना." आणि तू किती वेळा केलास ते मला कधीच कळणार नाही.

कात्रीबाईने नंबर मोकळा केला. म्हणाली, "लाव आता." मी नाही लावला. तुझा "हॅलो" ऐकला की मी रडणार आणि रडताना मला नीट भांडता येत नाही. समोर ये, मग बघू.

तर सोमवारी. डब्याखाली कागद आहे. पहिलं पान माझं वाचून झालंय, ते परत वाचू नकोस. दुसऱ्या पानावर "श्वास" लिहिलंय तिथून सुरू कर. आवाज मजेतला काढू नकोस. पुरं वाच, तिन्ही पानं, शेवटच्या ओळीपर्यंत. मग सही मी करेन. आणि आत, दारापर्यंत जाऊ देतात तिथपर्यंत, माझ्याबरोबर उभी राहा. संध्याकाळी तिच्या बाबाला फोन लावून सगळं सांगायचंय, तेव्हाही शेजारी बस. सांगेन मीच.

एक गोष्ट मात्र आत्ताच सांगून ठेवते. ते दार-बिर मी उघडं ठेवणार नाही. ढबी रांगायला लागलीय, उंबऱ्यावरून सरळ जिन्यात जाते.

कडी वाजव. मी आतच आहे.